कबुली दिली की संपतं

आमच्या घरात मत देता येतं ते फक्त मुलीला, आणि तेही इंग्लंडमध्ये. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझ्याकडे संशयाने बघतो. पण खरं आहे. आम्ही नवराबायको जपानमध्ये एदोगावात राहायला आलो तेव्हा ती कडेवर होती. तेव्हापासून इथे कर भरतोय, वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारतोय, पण पासपोर्ट भारताचे, त्यामुळे जपानमध्ये मत नाही. भारतात द्यायचं तर त्या दिवशी पुण्यात जाऊन रांगेत उभं राहायला हवं. ते कधी जमलं नाही. आणि ही पोरगी एम.एस्सी. करायला इंग्लंडला गेली तर तिला तिथे कळलं, की भारतीय पासपोर्टवर तिथे रीतसर राहणाऱ्या माणसाला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. साम्राज्य गेलं, हे एवढं मागे राहिलं. तिने नाव नोंदवलं, मत दिलं आणि केंद्राबाहेरून मला फोन केला. "आई, त्या बाईंनी माझा पासपोर्ट बघितला आणि 'थँक यू, लव्ह' म्हणाल्या." दुसऱ्या दिवशी मी वर्गात जरा जास्तच जोरात शिकवलं.

मी इथल्या एका भारतीय शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. म्हणजे इतिहास-भूगोलही शिकवते, पण मनापासून शिकवते ते नागरिकशास्त्र. भारताच्या घटनेत कुठलं काय कुठून आलं याचा एक धडा असतो. ब्रिटनकडून संसदीय पद्धत, कायद्याचं राज्य, मंत्रिमंडळाची जबाबदारी. सरकारला प्रश्न विचारता येतो आणि त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, हे सांगताना माझा आवाज दरवर्षी चढतो. मुलं शांतपणे ऐकतात आणि शेवटी कुणीतरी विचारतं, "मॅम, इज धिस इम्पॉर्टंट फॉर द एक्झाम?" हो बाबांनो, दोन मार्कांना येतं.

माझा नवरा सॉफ्टवेअरमधला. स्वभावाने गरीब, आणि जपानने त्याला आणखी गरीब केला. स्टेशनजवळचे पोलीस त्याला सायकलवर अडवतात, सायकल चोरीची नाही ना म्हणून नंबर तपासतात, रेसिडेन्स कार्ड मागतात. सूट घातलेला शेजारचा माणूस त्याच रस्त्याने, तशाच सायकलवर निघून जातो, त्याला कुणी हटकत नाही. माझी तळपायाची आग मस्तकात जाते. हा मात्र कार्ड दाखवून वर त्यांचेच आभार मानतो. "त्यांचं काम करतायत ते. वाद घालून काय मिळणार आहे?" एकदा खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आमच्या मिक्सरच्या आवाजाबद्दल इमारतीच्या ऑफिसात तक्रार केली. मिक्सर सकाळी सातला लावला होता, मध्यरात्री नव्हे. मी भांडायच्या तयारीत. हा स्टेशनवरून मिठाईचा चांगला डबा घेऊन आला, खाली गेला, कमरेत वाकला, सगळी चूक आमचीच म्हणाला. आजोबा तेव्हापासून लिफ्टमध्ये हसतात. "बघितलंस?" हा म्हणाला. "कबुली दिली की संपतं." या एका वाक्यावर त्याने इथे सगळा संसार केला, आणि खरं सांगायचं तर तो चाललाही.

मुलगी अटकेत होती हे मला कळलं तेव्हा मी शाळेतून सायकलवर घरी चालले होते. आदल्या दिवसापासून तिचा फोन लागत नव्हता, पण नदीवर पाण्याचे नमुने घ्यायला गेली की तो लागत नसेच. फोन वाजला म्हणून मी एका कन्व्हिनियन्स स्टोअरसमोर सायकल उभी केली.

"आई, मी आत्ता बाहेर आले."

"कुठून?"

"पोलीस स्टेशनमधून. रात्रभर ठेवलं होतं. दाइजोबु, आई, ठीक आहे मी. जेवायला दिलं. व्हेज दिलं."

व्हेज दिलं! मी तिथेच, दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी, बसून पुढचं ऐकलं.

झालं होतं ते असं. पाणीपुरवठा आणि सांडपाणी बघणारी कंपनी मैलापाणी नदीत सोडते म्हणून मुलीच्या विद्यापीठाच्या गावात कंपनीच्या ऑफिससमोर निदर्शनं होती. मुलीचा विषयच नद्यांचं पाणी. ती ज्या नदीचे नमुने तपासायची, तीच ही नदी. वर्गातले बरेच जण जाणार होते, ही पण गेली. पोलिसांनी अट घातली होती की अमुक वाजेपर्यंत नदीकाठचा रस्ता रिकामा करायचा. वेळ झाली, लाउडस्पीकरवर सांगितलं गेलं, लोक पांगले. माझी मुलगी पांगली नाही. कारण कचरा राहिला होता.

हे मी कसं समजावून सांगू? ती इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकली. तिथे शिपाई नसतो. वर्ग, जिना, संडास मुलंच झाडतात-पुसतात. सहलीहून परतताना तिच्या दप्तरात रिकाम्या बाटल्या आणि खाऊचे कागद असायचे, कारण जिथे गेलो तिथे काही ठेवून यायचं नाही. आम्ही मुद्दाम शिकवलं असंही नाही, ते तिच्या हाडीमांसी आहे. तर शेकडो लोक जिथे उभे होते तिथे बाटल्या, कप, फाटके फलक पडलेले बघून ती रेलिंगपलीकडे नदीच्या बाजूला उतरली आणि गोळा करायला लागली. नुसतं गोळा करून थांबली असती तरी वेळेत सुटली असती. पण तिने वर्गवारी करायला घेतली. प्लॅस्टिक वेगळं, डबे वेगळे, फलकांच्या काठ्या वेगळ्या. गावातल्या एक निवृत्त शिक्षिका तिला बघून परत आल्या आणि पिशवी धरून उभ्या राहिल्या. वारा होता, वरच्या पुलावरून गाड्या जात होत्या, आणि लाउडस्पीकर कुठेतरी लांब होता. डोकं वर केलं तेव्हा रस्ता रिकामा होता आणि समोर पोलीस होते. दोघींना एकाच गाडीतून नेलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी रागावले, मग रडले, मग परत रागावले. नवऱ्याने घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पिशवी तरी कुणी उचलली का शेवटी?" मला त्याही परिस्थितीत हसू आलं. पिशवी पोलिसांनी पुरावा म्हणून नेली होती.

तिला जामिनावर सोडलं होतं, महिन्याने परत हजर व्हायचं होतं. त्या महिन्यात आम्ही तिच्या वकीलबाईंशी व्हिडिओवर बोललो. बाई चांगल्या होत्या, भराभरा बोलायच्या आणि मध्येच चहा प्यायच्या. त्यांनी सांगितलं की पोलीस एक मार्ग देऊ करतायत. कोर्ट नाही, खटला नाही, अर्ध्या तासात मोकळी. त्याला तिथे कॉशन म्हणतात. फक्त एक गोष्ट करावी लागते: गुन्हा कबूल करायचा. गुन्हा काय, तर अट माहीत असून, ऐकू आलं असूनही ती मोडली. नोंद राहते. उद्या नोकरीच्या, व्हिसाच्या अर्जावर विचारलं तर सांगावं लागतं. आणि नाही घेतलं तर? तर कदाचित ते खटला भरतील, कदाचित सोडून देतील. कधी, ते सांगता येत नाही. महिने लागतात, कधी वर्षही जातं. निर्णय तुमचा.

मुलीला शरद ऋतूपासून त्याच विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली होती. त्यासाठी नवा व्हिसा हवा होता, आणि तपास लटकलेला असताना व्हिसाचं काय होईल हे कुणी छातीठोक सांगेना. पेच होता तो एवढाच: खोटं बोलून सुटायचं, की खरं बोलून लटकायचं.

"घेऊन टाक," तिचा बाबा म्हणाला. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सॉरी म्हण, मान खाली घाल, विषय संपव. कबुली दिली की संपतं."

"अरे, हा खालच्या आजोबांचा मिक्सर नाही," मी म्हणाले. "तिथे कबुली म्हणजे माफी नव्हे. तिथे कबुली म्हणजे गुन्हेगार. तिने ऐकलंच नव्हतं, तर ऐकलं असं कसं म्हणायचं?"

"आणि व्हिसा? तुझं नागरिकशास्त्र व्हिसा देणार आहे?"

हे त्याने मुलीसमोर म्हटलं. स्क्रीनवर ती आमच्याकडे बघत होती, एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे. लहानपणी आम्ही भांडलो की ती जपानीत बोलायला लागायची. आताही तसंच म्हणाली, "मो ई", पुरे झालं. आणि फोन ठेवला.

त्या शिक्षिकाबाईंनाही तोच मार्ग दिला होता. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मुलीने त्यांना चहाला बोलावून विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? तर त्या म्हणाल्या, "अगं, मला काय करणार आहेत? माझं घर इथेच आहे. मला थांबायला परवडतं." मुलीने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ते 'परवडतं' फार लागलं. दोघींनी एकच पिशवी धरली होती. पण एकीचा देश होता, आणि दुसरीच्या पासपोर्टवर तारीख होती.

मग मी तिला म्हणाले, तुला तिथे मत आहे ना? तुझा खासदार आहे. त्याला लिही. मी शिकवते तेच सांगितलं तिला: प्रश्न विचारता येतो, आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं. तिने लिहिलं. नीट, मुद्देसूद, कुठेही रडगाणं नाही. मला आधी वाचायला पाठवलं होतं, मी एक स्वल्पविराम तेवढा सुचवला. खासदार विरोधी पक्षाचा. म्हणजे आता विरोधी. निदर्शनांवर पोलिसांचा हात इतका मोकळा करणारा कायदा त्यांचा पक्ष सत्तेत असताना आला होता, आणि त्यांनी स्वतः त्याच्या बाजूने हात वर केला होता. आताचं सरकार तेव्हा विरोधात बसून त्याच कायद्याविरुद्ध घसा फोडत होतं. आता सरकार गुमान तोच कायदा वापरत होतं आणि हे खासदार कळवळून बोलत होते. जगात कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तरी मी आशा ठेवली. खासदारांच्या ऑफिसातून उत्तर आलं की ते हा विषय सभागृहात काढणार आहेत.

आम्ही ते शनिवारी सकाळी पाहिलं, लॅपटॉप टेबलावर ठेवून, पोहे खाता खाता. पार्लमेंटच्या वेबसाइटवर सगळं ठेवलेलं असतं, त्या बाबतीत त्यांना नावं ठेवायला जागा नाही. ते हिरवे बाक मी मुलांना पुस्तकातल्या चित्रात दाखवत आले आहे. खासदार उभे राहिले. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांनी विचारलं, की माझ्या मतदारसंघातल्या एका तरुणीला पोलिसांनी पकडलं, कारण ती कचरा उचलत होती. तर मंत्रिमहोदय सांगतील का, की रस्ता साफ ठेवण्यापलीकडे या सरकारला साफ करण्यासारखं दुसरं काहीच सापडत नाही का?

सभागृह हसलं. मागच्या बाकावरचे लोक मांडीवर थापा मारून हसले.

मंत्री उठले. पोलीस आपल्या कामात स्वतंत्र आहेत, वैयक्तिक प्रकरणावर मला बोलता येणार नाही, आणि सन्माननीय सदस्यांना मी आठवण करून देतो की हा कायदा आणला कुणी. मग दुसरी बाजू हसली. मग सभापतींनी पुढच्या माणसाचं नाव घेतलं आणि रेल्वेच्या विलंबावर प्रश्न सुरू झाला. माझ्या मुलीची गोष्ट पोह्यांवर लिंबू पिळून होईस्तोवर संपली होती.

तिचं नाव घेतलं नव्हतं. विनोद तेवढा तिचा घेतला होता. प्रश्न विचारला गेला होता. उत्तरही दिलं गेलं होतं. मी वर्गात जे शिकवते ते सगळं झालं होतं, जसंच्या तसं, आणि त्यातून काहीही झालं नव्हतं. नवऱ्याने लॅपटॉप हळूच बंद केला. "बघितलंस?" असं तो या वेळी म्हणाला नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

तिने तो व्हिडिओ आमच्या आधीच पाहिला होता. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "आई, मैत्रिणींना खूप आवडलं. यू आर फेमस म्हणाल्या." मग म्हणाली, "मी घेणार आहे ते कॉशन."

"नको गं," मी म्हणाले.

"आई, मला झोप लागत नाही. लायब्ररीत बसते आणि एकच पान वाचते. प्रयोगाचे नमुने वाया चाललेत. तू म्हणतेस ते बरोबर आहे, पण त्याला किती दिवस लागतील ते तुला माहीत नाही, वकिलांना माहीत नाही, मंत्र्यालाही माहीत नाही. मी दमले."

मी परत एकदा नको म्हणाले. पण पहिल्याइतकं जोरात नाही, कारण मीही दमले होते. मागून तिच्या बाबाने मान डोलावली आणि स्वयंपाकघरात निघून गेला. त्याला वाटायला हवा होता तो आनंद काही त्याच्या पाठीवर दिसला नाही.

ती ठरल्या दिवशी गेली. खोलीत एक अधिकारी होता, वयाने बाबाएवढा, अगदी सभ्य. त्याने तिला पाणी दिलं. वाचून दाखवलं, विचारलं, लाउडस्पीकरवरची सूचना तुम्ही ऐकली होती आणि तरीही थांबलात, हे कबूल आहे? ती हो म्हणाली. त्याने थँक यू म्हटलं. बाहेर पडून तिने बसथांब्यावरून मेसेज केला: झालं. आणि पुढे एक पांढऱ्या कुत्र्याचं चित्र, जे ती दहावीत असल्यापासून काही बोलायचं नसलं की पाठवते.

व्हिसाच्या अर्जात तो रकाना होता. तिने खरं ते लिहिलं. उत्तर यायला वेळ लागला, तिच्या प्राध्यापकांनी जागा थोडे दिवस धरून ठेवली, मग शेवटी व्हिसा मिळाला. म्हणजे नवऱ्याचं म्हणणं बरोबर ठरलं म्हणायचं. आम्ही तसं म्हटलंही, एकमेकांना, चहा पिताना. मी वर्गात पुन्हा तो ब्रिटनचा धडा घेतला. आवाज चढला नाही, त्यामुळे मुलांनाही सोपं गेलं असावं.

आणि मग गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मी बाल्कनीत कपडे काढत होते. तिचा आवाज प्रसन्न होता, संशोधनाबद्दल बोलली, नव्या घराबद्दल बोलली, भाकरी फुगत नाही याबद्दल बोलली. मग म्हणाली, "आई, त्या टीचर आहेत ना, माझ्याबरोबरच्या? त्यांना पोलिसांचं पत्र आलं. केस बंद. पुरावा पुरेसा नाही, सूचना नदीच्या बाजूला ऐकू गेली होती असं सिद्ध होत नाही म्हणे. दोन ओळींचं पत्र. त्यांनी केक आणला माझ्यासाठी."

माझ्या हातात नवऱ्याचा शर्ट होता. तो दोरीवरून निघाला होता की नाही ते मला आठवत नाही.

"मग तुझं?" मी विचारलं. "ते ऐकूच गेलं नव्हतं, तर तुझंही रद्द व्हायला हवं ना?"

"विचारलं मी वकिलांना. प्रयत्न करता येतो म्हणाल्या, पण अवघड आहे. त्यांच्या बाबतीत सिद्ध करायचं होतं. माझ्या बाबतीत सिद्ध करायला काही उरलंच नाही, मीच हो म्हटलंय." ती हे सांगताना हसली, अगदी तिच्या बाबासारखं. "त्यांच्यासाठी छान झालं ना पण?"

"हो," मी म्हणाले. "छान झालं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मला तिला म्हणायचं होतं की तू काहीही चूक केली नाहीस, पण हे मी आता कुणाला सांगत होते? ज्यांनी लिहून घ्यायचं त्यांनी लिहून घेतलं होतं.

"आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "आता प्रत्येक अर्जात तो रकाना येणार, आणि प्रत्येक वेळी मी खरंच लिहिणार आहे. मी पोलिसांशी खोटं एकदाच बोलले. ते पण 'मी गुन्हा केला' असं."